शिरढोणीचा एकुलता एक खण

शिरढोणीत 'खण' हा शब्द एकच होता आणि तो साऱ्या गावाला आळीपाळीनं वापरावा लागे.

एरवी तो गुरपादाप्पा विणकराकडे असे. ओटी भरायची असेल त्या बाईनं त्याच्याकडे जायचं. तो कानात शब्द सांगे, आणि सांगितला की त्याच्या तोंडून निघत नसे. मग घरी येऊन कापड ओटीत घालताना म्हणायचं, "खण घे गं." घेणारीनं म्हणायचं, "खण घेतला." एवढं झालं की मागावरून कोरं उतरलेलं कापड नक्षी धरी, काठ तांबडे होत, मधे बुट्टे उठत. शब्द देणारीकडे परत येई, ती तो गुरपादाप्पाला नेऊन देई.

शब्दाविना ओटी भरली तर कापड कोरंच राही. गंगव्वाचं एकदा तसं झालं. तिचं पोर जन्मलं ते तळहातावर एकही रेघ न घेता. रडेना, हसेना, दिवसभर आपले कोरे हात बघत पडून असे.

म्हणून सुगंधाला सातवा लागला तशी तिची आई बाळाक्का ओटीच्या दिवशी सकाळीच विणकराच्या दारात गेली.

"शब्द चन्नाक्काकडं हाय," गुरपादाप्पा म्हणाला. "काल नेला, अजून आणला न्हाई. तिची भावजय गेली न्हवं, निलव्वा?"

निलव्वा नवऱ्याआधी गेली होती, तेव्हा सवाष्ण म्हणून तिची ओटी भरणं भाग होतं. पण मेलेल्या बाईची ओटी मुकाट्यानं भरायची असते, शब्द काढायचा नसतो. बाळाक्का चन्नाक्काच्या घरी गेली तर ती तोंडाला पदर लावून बसली होती.

"सवयीनं बोलून गेले गं. 'घे गं वैनी' म्हटलं. ती काय परत बोलणार? गेला तिच्यासंगं."

"मग नेलाच कशाला?"

"रीत म्हणून. जवळ असावा म्हणून."

घरी ओटीसाठी सुगंधाच्या सासरहून आलेल्या विहीणबाई पाटावर बसून पान लावत होत्या. "आमच्याकडं घरटी एक शब्द हाय," त्या म्हणाल्या. "एकावर गाव चालवणं म्हंजे कमालच. माझा घ्या हवं तर." पण परगावचा शब्द शिरढोणीच्या कापडावर टिकत नसे, धुण्याआधीच सुटे. ते विहीणबाईंनाही ठाऊक होतं. सुगंधा आपले तळहात उघडून त्यांवरच्या रेघा बघत बसली.

बाळाक्का उठली आणि भर उन्हात मळ्याच्या टोकाला गेली. तिथं निलव्वाला रीतीप्रमाणं बसवून पुरलं होतं. माती अजून ओली होती. बाळाक्कानं मातीला कान लावला.

"निलव्वा, शब्द दे माघारी. पोरीची ओटी खोळंबलीय."

"भरल्या ओटीतलं मागतीस व्हय गं?" आतून निलव्वा म्हणाली. आवाज तिचाच, फक्त जवळून आल्यासारखा. "शब्द गेला की माझं कापड कोरं. इथं सगळ्या नटूनथटून बसल्यात."

"लेकरावर येतंय, बाई."

खाली कुणीतरी कूस बदलल्यासारखी माती हलली.

"मग बदल्यात एक दे. मला कधी कुणी 'आई' म्हटलं न्हाई. तुझ्या घरचा तेवढा ठेव माझ्याकडं."

बाळाक्कानं मातीवरून कान काढला. मग मातीशी तोंड नेऊन तिनं तो शब्द हळूच सांगितला. लगेच तिच्या कानात थंडगार वारा शिरल्यासारखं झालं. उठताना तिची जीभ जड लागत होती.

दुपारी ओटी भरली. "खण घे गं," बाळाक्का म्हणाली. "खण घेतला," सुगंधा म्हणाली. कापडाला तांबडा काठ आला, बुट्टे उठले. विहीणबाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि बुट्टे बरे आहेत असं सांगितलं. बाळाक्का शब्द गुरपादाप्पाला देऊन आली.

विहीणबाईंबरोबर सासरी परतायला गाडीत बसताना सुगंधा आईकडं वळली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सवयीचं काहीतरी जिभेवर यायला हवं होतं, ते आलं नाही.

"येते हं, बाई," ती म्हणाली.

"सावकाश जा," बाळाक्का म्हणाली.

मुलगा झाला. दोन्ही तळहात रेघांनी भरलेले. खणखणीत रडतो, हसतो, वेळेवर बोलायलाही लागला. सुगंधाला तो 'बाई' म्हणतो. दुसरं काय म्हणायचं ते घरात कुणालाच ठाऊक नाही.