अण्णांच्या कानाचं पार्सल

गहिनीनाथ अण्णांना ऐकू येत नाही, हे फक्त त्यांना आणि त्यांच्या बायकोला, चांगुणाकाकूंना माहीत होतं. निदान अण्णांची तशी समजूत होती. जामखेडजवळच्या त्या गावात ते तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. बहिरा अध्यक्ष म्हटल्यावर गाव खुर्ची काढून घेणार, ही त्यांना धास्ती. खुर्चीवर तर भलताच जीव.

जामखेडच्या दुकानात कानाचं मशीन घ्यायला जावं, तर तिथं गावातलं कुणीतरी टपकणारच. म्हणून त्यांनी मोबाईलवरून मागवलं. घरपोच आणि गुपचूप.

घोळ एवढाच झाला, की डिलिव्हरीवाला आधी फोन करतो.

"काका, तुमची वस्ती लई आत हाय. पार्सल डेअरीवर ठिवू का?"

"व्हय," अण्णा म्हणाले. कुणी काहीही विचारलं तरी ते व्हयच म्हणत. अध्यक्षपद त्याच्यावरच तर चाललं होतं.

"आत काय हाय त्ये सांगून ठिवू का डेअरीवाल्याला? म्हंजी अदलाबदल न्हाई व्हनार."

"व्हय व्हय. बघू आपन."

डेअरीवाला पुंजाराम शिस्तीचा माणूस. दुधाचा पगार कधी, हे तो रोज भोंग्यावरून सांगायचा. त्याच भोंग्यावरून त्यानं पुकारलं, "गहिनीनाथ अण्णांचं कानाचं मशीन आलंय हो! अण्णांनी येऊन न्यावं!" अण्णा येईनात, म्हणून परत पुकारलं. मग आवाज वाढवून पुकारलं. शेवटी शेजारच्या गावातून फोन आला, "नेऊन द्या की बाबा त्याचं मशीन!" अख्ख्या शिवारात ऐकू न आलेला माणूस एकच, आणि तो ओट्यावर बसून शेंगा फोडत होता.

चांगुणाकाकूंनी कपाळावर हात मारला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "अवो, तुमचं कान भोंग्यावर गेलं!"

अण्णांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "संपलं सगळं," ते म्हणाले. "उद्या बैठक हाय."

बैठकीत वैजनाथ आणि केशरबाईचा बांधाचा जुना तंटा होता. डेअरीवरून पार्सल घेऊन वैजनाथच आला. आता लपवायचं तरी काय? अण्णांनी सगळ्यांदेखत मशीन कानात घातलं आणि उभे राहिले.

"मला ऐकू येत न्हवतं. मी राजीनामा देतो."

"आमाला काय म्हाईत न्हाई व्हय?" केशरबाई म्हणाली. "म्हनून तर तुमाला बसवलंय. बसा खाली."

अण्णांना भरून आलं. उपरण्यानं डोळे पुसून ते बसले आणि पहिल्यांदाच तंटा ऐकू लागले. दोघांचं बोलून झाल्यावर ते नेहमीसारखं व्हय म्हणाले नाहीत.

"वैजनाथ, बांध तूच कोरला, हे आत्ता तुज्याच तोंडून निघालं. आन् केशरबाई, त्याच्या मेलेल्या आईला शिव्या कशापायी?"

वैजनाथनं केशरबाईकडं बघितलं, केशरबाईनं वैजनाथकडं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकमतानं बोलले.

"अण्णा, आधी त्ये मशीन काढा."

अण्णांनी काढलं. दोघं पोटभर भांडले, अण्णा व्हय म्हणाले, चहा झाला.

आठवड्यानं डिलिव्हरीवाला मशीन परत न्यायला डेअरीवर आला. त्याला मोबाईलमध्ये कारण भरायचं होतं.

"काका, काय बिघाड हाय यात?"

"व्हय," अण्णा म्हणाले.

मागं दुधाची किटली घेऊन केशरबाई उभी होती. "बिघाड कसला?" ती म्हणाली. "ऐकू येतंय त्यातनं."