आधी बंद, मग चौकशी

दातांच्या डॉक्टरांकडे त्यांच्या मुलीचा हात मागायला भट्टीवाला आला, तेव्हा डॉक्टर पलंगावर कापडी फलक पसरून त्याला इस्त्री करत होते. फलकावर लिहिलं होतं, ‘अणुभट्टी हटवा’. भट्टीवाला नेमका अणुवीज केंद्रात ऑपरेटर आणि डॉक्टर नेमके हटाव समितीचे अध्यक्ष. प्रेम आंधळं असतं म्हणतात ते काही उगाच नाही.

“त्यात एवढं काय आहे, काका?” तो घाम पुसत म्हणाला. “अणू फुटतात, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरतं, वीज तयार! काही बिघडलंच तर कांड्या खाली सोडायच्या. त्या न्यूट्रॉन गिळतात, खेळ खलास.”

“खलास?” डॉक्टरांनी हातातली इस्त्री पलंगावर आपटली. “बंद केली तरी आत धग राहतेच ना? आणि तो कचरा? तो काय माझ्या नातवंडांनी सांभाळायचा?”

‘नातवंडं’ ऐकून भट्टीवाल्याला जरा धीर आला. “धग राहते, म्हणून तर पाणी फिरवत ठेवतो. कचऱ्याचं मात्र तुमचं खरं आहे. पण काका, कोळशाचा धूर तरी कोण सांभाळतंय?”

मुलीने कपाळाला हात लावला. तेवढ्यात गच्चीवरून हाक आली, “डॉक्टर, सगळे खोळंबलेत!” डॉक्टरांनी फलक काखोटीला मारला. “उत्तर सभा झाल्यावर,” असं गुरगुरत, गुडघे सांभाळत ते लिफ्टमध्ये शिरले.

भट्टीवाल्याचा जीव टांगणीला लागला. आणि त्याला करपल्याचा वास आला. केंद्रात त्याच्या हाडीमाशी एकच नियम भिनला होता: शंका आली की आधी बंद, मग चौकशी. घर तळमजल्यावर, इमारतीचा मेन स्विच दाराबाहेरच. त्याने धावत जाऊन तो खाली खेचला.

गच्चीवरचा माइक गप्प झाला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली. आतून डॉक्टरांचं भाषण सुरू झालं. त्याला माइकची गरज नव्हती.

“अरे, बाबा अडकलेत! चालू कर आधी!”

“कारण सापडल्याशिवाय? असं नाही करता येत.”

“लग्न करायचंय ना तुला?”

“करायचंय गं! म्हणून तर सासऱ्यांचं घर जळून चालणार नाही.”

तो घरभर हुंगत फिरला. फ्रिजच्या मागे, टीव्हीच्या मागे, ओट्याखाली. वीजच नव्हती, त्यामुळे वास विरत चालला आणि ह्याचा हट्ट वाढत चालला. मध्येच तो जिना चढून, लिफ्टच्या जाळीतून डॉक्टरांना पाण्याची बाटली देऊन आला. भट्टी बंद होती, पण आत धग होती. एव्हाना समितीची मंडळी जिना उतरून दारात जमली होती.

अखेर पलंगावर आडवी पडलेली इस्त्री सापडली. खाली चादरीला तिच्याच आकाराचं भोक, त्याखाली गादी काळी. इस्त्रीची पिन काढून मगच त्याने स्विच वर केला.

डॉक्टर बाहेर आले ते लालबुंद होऊन. गादी पाहिल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

“लग्नाला माझी हरकत नाही,” ते शेवटी म्हणाले.

मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. भट्टीवाल्याचे डोळे पाणावले. “काका, तुम्ही म्हणत असाल तर ती नोकरीसुद्धा सोडतो!”

“खबरदार!” डॉक्टर गरजले आणि समितीकडे वळले. “इतकी वर्षं मोर्चे काढतोय, भट्टी एक दिवस बंद पडली नाही. हा तिथे नुसता टिकला, तरी आपल्याला काही करायला नको.”