गुणोकाकांचे काढे

आमचे शेजारी गुणोकाका सकाळी दात घासायच्या आधी अर्जुनाच्या सालीचा काढा घ्यायचे आणि मग मनगटावर बोट ठेवून, समोर घड्याळ मांडून, अर्धा तास पायरीवर बसायचे. मी ऑफिसला निघताना बोलायला गेले, की हात वर. "थांब गो बाय, काढो अजून वाटेर आसा."

काका पेडण्याच्या पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर ते हृदयाच्या झडपेमागे लागले. साल वाळपईच्या बाजारातून यायची, आवळा शेजारच्या परसातून, आणि लसूण मधात मुरत खिडकीत. प्रत्येक औषध आठ दिवस घ्यायचं आणि वहीत लिहायचं. मी ती वही वाचली आहे. 'अर्जुन : तोंड कडू. लसूण-मध : ढेकर, मांजर जवळ येत नाही. आवळा : काय फरक नाय.'

काका दोनदा फाईल घेऊन म्हापशाच्या हृदयाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते, तेव्हा त्यांची झडप बिघडली हे गावाने ठरवून टाकलं. जो तो नवा उपाय सांगायचा. काका हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत; फक्त लिहून घेत.

एका रविवारी सकाळी कुंपणापलीकडून सुशीलाकाकीची हाक आली, "गो, ह्ये उठनत नाय!"

धावत गेले. काका स्वयंपाकघरात आडवे, ओठ पांढरे, शेजारी हरमलच्या कुणा जटावाल्याकडून आणलेली हिरव्या भुकटीची बाटली. चमचाभर घ्यायची होती. काकांनी तीन घेतले होते. दोघींनी मिळून त्यांना गाडीत घातलं. म्हापशाचा रस्ता एवढा लांब मला कधीच वाटला नव्हता. मागे काकीच्या मांडीवर काकांचं डोकं. काका ओकत होते, थरथरत होते, आणि मधेच पुटपुटत होते, "तू धापा टाकू नको गो. हळू. हळू श्वास घे." मला वाटलं, वातात बरळताहेत.

इस्पितळात स्ट्रेचरवरूनही त्यांनी नर्सला सांगितलं, "तिका खुर्ची दिया."

काका झडपेसाठी काढे-भुकट्या घेतात, असं मी सांगितल्यावर डॉक्टरांनी सगळं तपासलं. बाहेर आले ते बुचकळ्यात पडून. "विष उतरतंय, वाचतील. पण यांच्या झडपा उत्तम आहेत. ही औषधं कुणासाठी?"

मी काकीकडे बघितलं. काकी दाराला टेकून, पदराने तोंड झाकून उभी होती. जिना चढून तिची छाती अजून भात्यासारखी हलत होती.

मी आत गेले तेव्हा काका छताकडे बघत होते. "झडप तिची अरुंद झाली हा," ते म्हणाले. "ऑपरेशनाक ती भियाता. म्हटला, काय तरी लागू पडात. पण आधी मी घेवन बघल्याशिवाय तिका कसा देऊ?"

"मग गावाला सांगितलं का नाही?"

"लोक घरात येवन तिच्या तोंडाकडे बघीत बसले असते. माझ्याकडे बघूंदेत."

डॉक्टरांनी काकीला समजावलं, की अरुंद झालेली झडप कुठल्याही काढ्याने उघडत नाही, ती बदलावी लागते. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि पलंगाकडे बोट केलं. "करा ऑपरेशन. नायतर ह्ये आणखी काय काय गिळतले कोण जाणे."

ऑपरेशनच्या दिवशी पणजीकडच्या इस्पितळात काका सकाळपासून उभे होते. शर्टाची बटणं एक घर चुकलेली. पाण्याचा घोट नाही. डॉक्टर बाहेर येऊन "झालं" म्हणाले, तेव्हा ते भिंतीला धरून खाली बसले.

आता काकीला धातूची झडप आहे आणि रोज रक्त पातळ ठेवायची गोळी. त्या गोळीबरोबर काढे-भुकट्या घातक, असं डॉक्टरांनी बजावल्यावर काकांनी सालीची पिशवी स्वतः खड्डा खणून पुरली.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले. काकी झोपली होती. एवढ्या उकाड्यात काकांनी छताचा पंखा बंद केला होता. मी बटणाकडे हात नेला, तर त्यांनी थांबवलं. "आयक."

शांत खोलीत, काकीच्या छातीतून, बारीक टिकटिक येत होती.

"पंख्याच्या आवाजात ती ऐकूक येयना," काका म्हणाले, आणि घामाने निथळत पुन्हा हातातल्या विंझण्याने काकीला वारा घालू लागले.