वामनरावांचं गास्केट

बोटीच्या डिझेल टाकीच्या झाकणाखाली, गळू नये म्हणून, गास्केट कशाचं लावायचं, एवढाच काय तो प्रश्न होता. दुकानात जावं, रबर आणावं, कापावं, बसवावं. पण प्रश्न वामनरावांच्या हातात पडला आणि मग त्याचं जे व्हायचं तेच झालं.

वामनराव बडनेऱ्याला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर माणसं प्लॉट घेतात, गाय घेतात, फारच झालं तर गुडघे बदलून घेतात. यांनी बोट घेतली! अकोल्याच्या अलीकडच्या एका धरणावर मासेमारी संस्थेनं मोडीत काढलेली. सगळी गल्ली हसली.

"काका, अमरावतीत बोट? टँकरमंदी चालवता काय?"

"हासा! तुमच्या बापाचं काय जाते?" वामनराव म्हणाले आणि बोट घेतलीच.

बोट तशी गुणाची. फक्त टाकीचं झाकण पाझरायचं, आणि ते होतं नेमकं मधल्या बाकावर, पाहुणे बसतात तिथंच. (पाहुणे एकदा येत. दुसऱ्यांदा कोणी आल्याचं ऐकिवात नाही.) धुण्यातल्या डिझेलच्या वासाला वामनरावांची बायको आशाबाई इतकी कावली, की तिनं अकोल्याहून आपल्या वकील भावाला, बापूसाहेबांना बोलावून घेतलं. बापूसाहेब येताना बोटीला गिऱ्हाईकच शोधून आले.

"रविवारी एक चक्कर मारू," ते म्हणाले. "बोटीत एक थेंब डिझेल दिसलं, की बोट विकायची."

"अन् नाई दिसलं तं?"

"तर आशा पुन्हा बोटीचं नाव काढणार नाही."

"मंजूर!" वामनराव कडाडले आणि तडक अमरावतीच्या बाजारात गेले.

दुकानदार भला माणूस होता. "काका, हे न्या. तेलात टिकणारं रबर हाय. साधं रबर डिझेलमंदी फुगते."

वामनरावांनी ते रबर चिमटीत धरलं, हुंगलं आणि परत ठेवलं. "मले शिकवून राहिला काय बे? इतके उन्हाळे झाले, घरच्या कूलरच्या टाकीची भोकं मी बुजवतो. सायकलची ट्यूब अन् वरून डांबर! हाय कोण्या टाकीची हिंमत गळाची?"

हे मात्र खरं हो. वऱ्हाडात ऊन तापायला लागलं, की घरोघरचा पुरुष आठ दिवसांपुरता इंजिनियर होतो. कूलर काढायचा, गवत बदलायचं, टाकीला डांबर फासायचं आणि मग पावसाळ्यापर्यंत बायकोसमोर ताठ मानेनं बसायचं. वामनराव तर गल्लीतले चीफ इंजिनियर.

"पण काका, कूलरमंदी पाणी असते..."

"मंग बोट काय वाळूत असते?" वामनरावांनी स्कूटरला किक मारली. टाकीत डिझेल असतं आणि डिझेल डांबराला विरघळवतं, एवढं सांगायचं दुकानदाराच्या तोंडातच राहिलं.

घरी डांबर तापायला लागल्यावर आशाबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, दुकानदारानं सांगतलं ते आणा ना! काहून हट्ट करून राहिले?"

"हट्ट? झाकणावर मी सोता बसतो. पांढरी पँट घालून बसतो! मंग बोल."

आणि खरंच बसले. रविवारी, रणरणत्या उन्हात, लेकीच्या लग्नात शिवलेली पांढरी पँट घालून. अर्ध्या धरणात खालून ऊब लागली. वामनरावांनी दुर्लक्ष केलं. मग ओल लागली. त्यांनी दात आवळले आणि आणखी घट्ट बसले.

"काही होऊन राहिलं काय?" आशाबाईनं विचारलं.

"मस्त हवा हाय," वामनराव घामाघूम होत म्हणाले.

काठाला लागल्यावर बापूसाहेबांनी पांढरा रुमाल काढला आणि बोटीचा कोपरा न् कोपरा पुसून पाहिला. रुमाल कोरडा!

"दाखवा!" वामनराव गरजले. "एक थेंब दाखवा!"

"नाही बुवा. उठा आता, जाऊ."

"नाई उठत. माही बोट हाय. मी बसीन."

"अहो, जेवाले तरी चला!"

"इथं आणा!"

शेवटी दोघा बहीणभावांनी दोन दंड धरले आणि ओढलं. वामनराव उठले, पण पँटीचा मागचा भाग काही उठला नाही. तो डांबरासकट झाकणावरच राहिला, डिझेलनं चिंब झालेला. जितकं गळलं होतं, तितकं सगळं त्यानं पिऊन टाकलं होतं.

आशाबाई हसता हसता खालीच बसली. बापूसाहेबांनी मात्र गंभीरपणे आपल्या खांद्यावरचा दुपट्टा मेहुण्याच्या कमरेला गुंडाळला. "बोटीत थेंब नाही. पँटीबद्दल आपलं काही ठरलं नव्हतं. वामनराव, बोट तुमची!"

"मी म्हटलंच होतं!" वामनराव म्हणाले आणि छाती काढून बापूसाहेबांच्या जीपकडे निघाले. (एका हातानं दुपट्टा धरून.)

बोट अजून धरणावर आहे आणि झाकण अजून पाझरतं, कारण जिंकलेला माणूस रबर कशाला बदलेल? आशाबाईही शब्दाची पक्की, बोटीचं नाव काढत नाही. फक्त एखादा नवा पाहुणा बिचकत विचारतो, "वहिनी, टाकीच्या झाकणाले आता काय बसवलं?"

"आमचे हे," ती म्हणते.