यकृताचा भोजनभत्ता

कानाझावातल्या आमच्या विद्यापीठात डॉ. कुवाबारा चिझुरू यांनी एक किलो सोडियम बायकार्बोनेटची रीतसर मागणी केली. मार्चअखेर त्यांचं कंत्राट संपत होतं. पांढऱ्या उंदराचं यकृत काचेच्या भांड्यात जिवंत ठेवायचं, त्यातून द्राव फिरवायचा आणि पित्ताचे थेंब मोजायचे. एवढं साधलं तर नोकरीची आशा होती.

खरेदी विभागाच्या मिनोवासाननी अर्ज परत पाठवला. "हा तर खायचा सोडा. संशोधन निधीतून खाद्यपदार्थ घेता येत नाहीत."

"अहो, पेशींना लागतो तो. पेशीतली आम्लता कमी झाली, की पेशी बायकार्बोनेट पित्तनळीत ढकलते. त्यामागोमाग पाणी जातं, तेच पित्त. सोडा काढला की थेंब निम्म्यावर येतात."

"म्हणजे यकृत सोडा खातं."

"वापरतं."

"नियमात दोन्ही एकच."

मिनोवासान तसे दुष्ट नव्हते. वाटही त्यांनीच काढली. कर्मचाऱ्यांना भोजन देता येतं. तेव्हा यकृताला हंगामी कर्मचारी नेमावं. सात शिक्के लागले. सहावा माझा, न वाचता मारलेला.

नेमणूक म्हटल्यावर आरोग्य तपासणी आलीच. अहवाल असा: 'वजन दहा ग्रॅम. कंबर आढळली नाही. पोट आढळले नाही, सबब भोजनभत्ता नामंजूर. मद्यपान टाळावे.'

कुवाबारासाननी मग सोड्याविनाच प्रयोग केला. थेंब निम्मे झाले. आलेख घेऊन त्या खरेदी विभागात गेल्या.

मिनोवासान गंभीर झाले. "कामात पन्नास टक्के कसूर. कर्मचाऱ्याला ताकीद द्यावी लागेल. याचे वरिष्ठ कोण?"

"मीच असेन."

"मग तुम्ही पर्यवेक्षक. पर्यवेक्षकाचं कंत्राट आणखी तीन वर्षांसाठी वाढतं." त्यांनी तिथल्या तिथे शिक्का मारला.

कुवाबारासान इतक्या हसल्या, की त्यांना खुर्ची द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी मिनोवासान कोटाच्या आत एक पुडकं लपवून प्रयोगशाळेत आले. "बायको रानभाजी उकडताना घालते. मी आलो नव्हतो."

थेंब दुप्पट पडू लागले. ही वाढ लेखापरीक्षकांच्या नजरेस आली आणि परिपत्रक निघालं: आवारातल्या प्रत्येक यकृताने बायकार्बोनेट वापरण्याची लेखी परवानगी घ्यावी, मग ते यकृत भांड्यात असो वा कर्मचाऱ्याच्या पोटात. आम्ही सगळ्यांनी निमूटपणे फॉर्म भरले.

तुम्ही हसताय. हसताना तुमच्याही पेशी विनापरवाना बायकार्बोनेट ढकलताहेत. फॉर्म आला, की तुम्हीही फक्त एवढंच विचाराल: सही कुठे करायची?