सबनीसकाकांची फुंकणी

सबनीसकाकांच्या गाडीत बसलात की पट्टा बांधायचा आणि तोंड मिटायचं, कारण आधी काका सूर लावतात. डॅशबोर्डाखालून एक काळी डबी काढायची, तिची नळी तोंडात धरायची, डोळे मिटायचे आणि 'हूंऽऽऽ' असा एकच लांबलचक सूर ओढायचा. डबीला तो पसंत पडला की हिरवा दिवा लागतो आणि मगच किल्ली फिरते. पसंत नाही पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या इंडियन ग्रोसरीसमोर. मांडीवर तांदळाची गोणी, पायाशी मेथीच्या जुड्या आणि शेजारी हा प्रकार. मी नाशिकची, त्यात फटकळ. विचारून टाकलं, "काका, ही फुंकणी कसली?"

"कोर्टानं बसवलीय," काका म्हणाले. आवाज असा की कोर्टानं सत्कारच केला असावा. "दारू पिऊन गाडी चालवताना सापडलो ना मी. आता या मास्तरांना तोंडाचा वास दिल्याशिवाय गाडी जागची हलत नाही."

"आणि ते गुणगुणणं?"

"लोक लबाड गं! फुग्यात दुसऱ्याची हवा भरून आणतात आणि नळीत सोडतात. फुग्याला काही गुणगुणता येत नाही. म्हणून मास्तरांना सूर लागतो." मग किल्ली फिरवत म्हणाले, "आज जरा खर्जात गेला. सकाळी दही खाल्लं, त्याचा परिणाम."

दुसरा कोणी असता तर तोंड लपवून फिरला असता. काकांनी डबीचं बारसं करून टाकलं होतं.

काकांची थोडी ओळख करून देते. सत्तरच्या दशकात इंजिनियर म्हणून टेक्सासला आले, इथेच रिटायर झाले. इस्त्रीचा शर्ट, पट्टा पोटाच्या वर, डोक्यावर बेसबॉलची टोपी आणि जहाजाएवढी मरून गाडी. इथल्या मराठी मंडळात त्यांचं एकच काम, आणि तेही त्यांनी आपणहून घेतलेलं. पुण्या-मुंबईहून कोणीही येवो, एअरपोर्टवर आणायला काका हजर. आम्ही दोघं दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन उतरलो तेव्हाही तेच आले होते, सोबत सुधाकाकू. काकूंनी गाडीतच वरणभाताचा डबा उघडून माझ्या हातात दिला होता. विमानातल्या त्या रबरी पावानंतर मला अक्षरशः रडू आलं होतं.

"काका, उगाच त्रास तुम्हाला," असं म्हणायची सोय नाही. लगेच, "अगं, माझ्या वाटेवरच आहे!" एअरपोर्ट त्यांच्या वाटेवर. डेंटिस्ट वाटेवर. प्लेनोला कोणाचा सोफा उचलायचाय, तेही वाटेवर. एकदा माझ्या नवऱ्यानं, प्रसादनं, नकाशा पसरून बघितला. म्हणाला, "हा माणूस नक्की राहतो कुठे, की अख्खं डॅलस याच्या वाटेवर पडतं?"

मग सुधाकाकू आपल्या आईला भेटायला पुण्याला गेल्या आणि तिथेच हार्ट अटॅकनं गेल्या. काका धावत गेले, सगळं केलं आणि दिवस करून एकटे परत आले. त्यांच्या लेकीचे, मीनलचे, दिवस भरत आले होते, सिएटलला. तिला विमानात बसायचीसुद्धा परवानगी नव्हती. काकूच तिच्या बाळंतपणासाठी वेळेत परतायच्या होत्या. आणि मग थोड्याच दिवसांत बातमी आली की सबनीसकाकांना पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी पकडलं. काका! ज्यांनी मंडळाच्या पिकनिकला कधी बिअरचा कॅनसुद्धा हातात धरला नव्हता!

वर्षभराची फुंकणी लागली ती तेव्हापासून. ती नुसती सुरुवातीलाच छळते असं नाही, गाडी चालू असतानाही मध्येच किंचाळते. मग असाल तिथे, असाल तसे, नळी तोंडात. काकांचं बोलणं त्यामुळे फार मजेशीर झालं होतं. मला भरली वांगी शिकवत होते, "आधी दाणे भाजून घ्यायचे, मग गोडा मसाला, आणि गूळ घालताना मात्र हूंऽऽऽऽऽ हात आखडता घ्यायचा नाही." बाजूच्या लेनमधली अमेरिकन बाई आमच्याकडे डोळे फाडून बघत होती. काकांनी टोपीला हात लावून तिला नमस्कार केला.

एकदा पुण्याहून प्रसादच्या कंपनीत नवा आलेला एक इंजिनियर काकांनी घरी पोचवला. पोरगं झोपेनं पेंगलेलं. त्यानं तो सूर ऐकला, हिरवा दिवा बघितला आणि मनात म्हणाला, अमेरिका म्हणजे अमेरिका! पुढे स्वतःची गाडी घ्यायला गेला तेव्हा सेल्समनला विचारतो, "हिची फुंकायची नळी कुठेय?" सेल्समन दोन पावलं मागे सरकला. ही गोष्ट मी काकांना सांगितली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे त्याला माझ्याबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं तर. बरं वाटलं."

बाकी सगळ्यांना मात्र सांगून झालं होतं. मंडळाच्या मीटिंगमध्ये एकानं 'लायबिलिटी' हा शब्द काढला आणि मग तो सगळ्यांनाच आवडला. "काका देवमाणूस आहेत, प्रश्नच नाही. पण यार, लहान मुलं असतात, लायबिलिटीचा इश्यू आहे." आणि एअरपोर्टचं काम काकांकडून काढून घेतलं. काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." खुर्च्या घडी घालून ठेवल्या आणि घरी गेले. मी चिडले. ज्यांच्या सासवांना या माणसानं पाठीवर घेतल्यासारखं आणलं होतं, तेच हे लोक! अरे, अख्ख्या अर्विंगमध्ये प्यायलेला नाही याची मशीन खात्री देतं असा एकच ड्रायव्हर आहे, हे कसं कळत नाही तुम्हाला? प्रसाद टेबलाखालून माझा पाय दाबत होता. दाबू दे.

मला गाडी येत नव्हती. पॅरलल पार्किंगला दरवेळी नापास होत होते. त्यामुळे काकांच्या गाडीत बसणारी मी एकटीच उरले. दुपारी फोन यायचा, "वर्षा, भाजी आणायचीय का? मी निघालोच आहे." कुठे निघालेत ते मी विचारायची नाही. भाजी नको असली तरी जायची. दुकानात जाऊन आम्ही कोथिंबिरीची एक जुडी आणायचो आणि तेवढ्यासाठी तासभर फिरायचो. काका बोलत राहायचे. घरी गेल्यावर बोलायला कोणीच नव्हतं, हे मला दिसत होतं आणि वाईट वाटत होतं.

मीनल वर्षभर आली नव्हती. बाळ झालं, मुलगी, तिचं नाव रिया. फोटो आले, पण फोन जेवढ्यास तेवढा. एकदा काकांनी मला सांगितलं, "मीनू म्हणते, मॉम गेली तेव्हा मला तुमची गरज होती, आणि तुम्ही दारू पिऊन जेलमध्ये बसलात. खरंच आहे की ते." आणि ताबडतोब वांग्यांवर घसरले.

अखेर ती यायची ठरली. अट एकच घातली होती, "मी उतरेन तेव्हा तुम्ही प्यायलेले नसाल तरच रियाला तुमच्या गाडीत बसवेन. नाहीतर त्याच पावली परत." काकांनी आठवडाभर गाडी धुतली. बाळाची सीट आणून मागे आवळली, सोडली, पुन्हा आवळली. मला म्हणाले, "तू चल बाई बरोबर. लहान पोराचं मला काय कळतंय?"

त्या दुपारी आम्ही वेळेच्या खूप आधी गाडीत बसलो. काकांनी सूर लावला. लाल दिवा. कर्रर्र! डबीवर 'फेल'.

मी काकांकडे बघितलं. काका डबीकडे बघत होते.

"काका?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच आवडला नाही.

"देवाशप्पथ नाही गं! काहीच नाही घेतलं. वरणभात खाल्ला, पोटात गोळा आला होता म्हणून द्राक्षासव घेतलं..." आणि ते थांबले.

मी गाडीतून उतरून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर बाटली होती, त्यांच्या वहिनींनी पुण्याहून पाठवलेली. लेबलवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं, आपोआप तयार होणारं अल्कोहोल. आपल्याकडे चार वर्षांच्या पोराला चमचाभर देतात ते! आसवाला दारू कोण म्हणतं? बाटली घेऊन मी परत आले.

"औषध आहे हो ते," काका डबीला समजावत होते. "मास्तर, औषध आहे."

मास्तर ऐकेनात. लाल दिवा लागला की डबी काही वेळ कुलूपबंद होते, काही करा. प्रसाद आमची गाडी घेऊन ऑफिसात. काकांनी चुळा भरल्या, पाणी प्यायले, परत येऊन बसले. शेजारच्या अंगणात कोणीतरी गवत कापत होतं. काका घड्याळाकडे बघत होते.

"फोन करून सांगा ना, ट्रॅफिकमध्ये अडकलोय," मी म्हणाले.

"नको. एकदा खोटं सापडलं की ती पोरीला कधीच माझ्या गाडीत बसवायची नाही." मग हळूच म्हणाले, "तशी आताही नाहीच बसवायची, वर्षा. संपलं."

डबीचं कुलूप उघडलं तसा त्यांनी पुन्हा सूर लावला. हिरवा. पण पोचलो तेव्हा विमान येऊन बराच वेळ झाला होता. मीनल बाहेर कडेला उभी होती, कडेवर रिया, हातात घडीचा सेलफोन. काका गाडी बंद करून खाली उतरले. आयुष्यात हा माणूस एअरपोर्टवर उशिरा आलेला नव्हता, आणि तिलाही ते माहीत होतं.

"बाबा, हॅव यू बीन ड्रिंकिंग?"

"मशीन एकदा फेल झालं. आसव घेतलं होतं, पोटासाठी."

"ओह, कमॉन."

मी बाटली पुढे केली. "ही बघ. मी साक्षीला आहे."

"वर्षा, प्लीज. मी टॅक्सी बोलावते."

फोन उघडून ती नंबर शोधू लागली. काकांनी तिला अडवलं नाही. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "आज नव्हतो प्यायलो, मीनू. त्या दिवशी प्यायलो होतो. पिऊन इथेच आलो होतो, एअरपोर्टवर."

"इथे? कोण येणार होतं?"

"तुझी आई."

मीनलचा हात थांबला.

"तिचं परतीचं तिकीट त्या दिवसाचं होतं. मला कळत होतं गं. माझ्या हातांनी अग्नी दिला होता मी. पण विमानाची वेळ व्हायला लागली तसं घरात बसवेना. वाटलं, आली आणि मी नसलो तर? तिला ट्रॉली ढकलता येत नाही, कायम डावीकडे नेते. प्यायल्याशिवाय निघायचा धीर होईना, म्हणून प्यायलो. तसाच गाडी चालवत आलो. कोणाला तरी ठोकलं असतं मी, मीनू, कोणाचं तरी पोर. परत जाताना पोलिसांनी धरलं ते बरंच केलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझे दिवस भरलेले. तुला काय सांगू, की मी आईला आणायला गेलो होतो?"

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. मीनलनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं गाडीचं मागचं दार उघडलं, रियाला सीटमध्ये ठेवलं, एकेक पट्टा लावला आणि ओढून बघितला. स्वतः पुढे काकांच्या शेजारी बसली. मी मागे रियाजवळ.

"कुठलं टर्मिनल?" तिनं विचारलं. "मला दाखवा. आय वॉन्ट टु सी."

काकांचा सूर असा कापत होता की मला वाटलं आता हा काही लागत नाही. दुसऱ्या खेपेला लागला.

इंटरनॅशनल टर्मिनलवर युरोपचं विमान नुकतंच उतरलं होतं. सरकत्या दारासमोर लोक फुगे आणि फुलं घेऊन उभे होते. काका एका खांबापाशी गेले आणि म्हणाले, "इथे." मीनल त्यांच्या शेजारी उभी राहिली. रिया माझ्या कडेवर होती आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला हात हलवत होती.

दार उघडायचं, मिटायचं. एक साडीतली बाई ट्रॉली ढकलत आली. मीनलनं एकदम तोंडावर हात धरला. गेल्या वर्षभरात आईसाठी तिला नीट रडायलाही मिळालं नव्हतं बिचारीला, तान्हं पोर पदरात. ती काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली, 'आई गं' म्हणून, चक्क मराठीत. काका तिच्या पाठीवर हात फिरवत दाराकडे बघत राहिले.

हळूहळू गर्दी ओसरली. पायलट आले, एअर होस्टेस आल्या. मग कोणीच येईना.

"झालं, मीनू," काका म्हणाले. "आता कोणी नाही. चल घरी."

मीनलनं नाक पुसलं आणि त्यांचा दंड धरला. "थोडं थांबू या ना, बाबा."

आम्ही थांबलो.