द्वारकामावशीचं कोपर आणि कोमट पाण्याचा आराखडा

एका जंगलात, बाळांनो, इतकी थंडी असायची की उन्हाळासुद्धा कानटोपी घालून यायचा. तिथल्या ओढ्यात सॅल्मन नावाचे मासे अंडी घालायचे आणि निघून जायचे. मागे राहिलेली पिल्लं सांभाळायची द्वारकामावशी.

मावशी होती पाणमांजर. पाणमांजराने मासे वाढवायचे म्हणजे गंमतच. पण हाताने वाढवलेलं खाववत नाही, असं ती म्हणायची आणि रताळं उकडून खायची.

ओढ्याकाठच्या डबक्यात तिची पिल्लं असत. वर टेकडीवर गरम पाण्याचं कुंड होतं. तिथून डबक्यापर्यंत एक चर खणलेला होता आणि चराच्या तोंडाशी एक दगड. रोज सकाळी मावशी दगड सरकवायची, खाली येऊन डबक्यात कोपर बुडवायची. तान्ह्या बाळाच्या न्हाणीचं पाणी बघतात ना, तस्सं. कोपराला बरं वाटलं की दगड पुन्हा जागेवर. जास्त ऊन वाटलं तर विसणाला ओढ्याचं गार पाणी.

घाई एवढ्यासाठी की बर्फ वितळलं की ओढ्याला लोंढा यायचा. त्याआधी पिल्लं बोटभर व्हायला हवीत. नाहीतर लोंढा त्यांना खडकांवर आपटायचा. आणि गार पाण्यात पिल्लं वाढतच नाहीत.

एकदा सिंहमहाराज तिकडून चालले होते. मावशीचं कोपर पाहून त्यांना फार वाईट वाटलं. एवढं मोठं काम आणि ते कोपरावर चाललंय? त्यांनी लगेच समिती नेमली. अध्यक्ष रेडेसाहेब, तज्ज्ञ बगळेगुरुजी. आराखडा तयार होईपर्यंत दगडाला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला.

अभ्यास जागेवर जाऊनच करावा, यावर दोघांचं एकमत झालं. म्हणून समिती कुंडात बसली. रेडेसाहेब गळ्यापर्यंत, गुरुजी गुडघ्यापर्यंत.

पहिल्या दिवशी मावशीने हुकूम पाळला. दुसऱ्या दिवशी पिल्लं तळाशी एकमेकांना चिकटून बसलेली दिसली. तिसऱ्या दिवशी ती टेकडीवर गेली. समितीचा सकाळचा चारा झाला होता. रेडेसाहेब डोळे मिटून रवंथ करत होते आणि गुरुजींनी एक पाय पोटाशी घेऊन विचारात मान खाली घातली होती. विचार घोरत होता.

मावशीने हळूच दगड सरकवला.

मग रोज तसंच. रेडेसाहेब बसल्यापासून पाणी जरा निवलं होतं, म्हणून ती दगड थोडा जास्त वेळ उघडा ठेवायची. हे कोपरानेच सांगितलं. पिल्लं पुन्हा पळू लागली.

पण महिन्याभराने आराखडा तयार झाला. पिल्लं अजून अर्ध्या बोटाएवढीच होती.

गुरुजींनी तो वाचून दाखवला. दगड दुपारी पूर्ण उघडायचा, म्हणजे डबक्यात कढत पाणी. रात्री पूर्ण बंद, म्हणजे बर्फगार. दोन्हींची सरासरी काढली की कोमट. उद्यापासून सुरुवात.

मावशी पुढे झाली. ती म्हणाली, "गुरुजी, पिल्लं सरासरीत राहत नाहीत हो. पाण्यात राहतात."

"मावशी, तुम्ही मायेपोटी बोलताय," गुरुजी म्हणाले. "शास्त्राला माया चालत नाही. आणि उकडलेलं एखादं निघालंच, तर तपासायला मी आहे."

रेडेसाहेब उठायला लागले. कुंडाबाहेरचा वारा अंगाला लागताच त्यांनी तोंड वाकडं केलं. ते मावशीने पाहिलं.

"आराखडा छानच आहे," ती मऊ आवाजात म्हणाली. "फक्त एक शंका. माझं शिक्षण बेताचं, चुकत असेन. पाणी चरातून खाली येईपर्यंत निवतं. ते धरलंय ना यात?"

समितीने एकमेकांकडे पाहिलं. धरलं नव्हतं.

"सूचना गंभीर आहे," रेडेसाहेब म्हणाले आणि पुन्हा गळ्यापर्यंत बसले.

पंधरा दिवसांनी दुसरा आराखडा आला. मावशीने ढगाळ दिवसांबद्दल विचारलं. समिती पुन्हा बसली. तिसऱ्या वेळी तर तिने तोंड उघडण्याआधीच रेडेसाहेबांनी विचारलं, "शंका आहे ना, मावशी? असेल तर सांगा, संकोच करू नका." तिने वाऱ्याच्या दिशेची शंका काढली.

शेवटी बर्फ वितळलं. लोंढा आला. बोटभर लांबीची पिल्लं शेपट्या हलवत त्यात घुसली आणि वळणावरून दिसेनाशी झाली. मावशी बराच वेळ तिथेच उभी होती. तिचं कोपर अजून ओलं होतं.

मोठा समारंभ झाला. आराखड्यामुळे एकही पिल्लू दगावलं नाही, असं महाराज म्हणाले. रेडेसाहेबांना शाल मिळाली, गुरुजींना पदक. पाणी पुरवणाऱ्या कुंडाचेही आभार मानले गेले. मग कुणाला तरी मावशी आठवली. तुला काय हवं, असं महाराजांनी विचारलं.

मावशीने हात जोडले. "महाराज, एवढंच करा. समितीला मुदतवाढ द्या. आणि त्यांचा सकाळचा चारा थोडा वाढवा."

तात्पर्य: बाळांनो, मोठ्यांच्या कामात शंका काढू नये, असं तुम्हाला शिकवतात. काढावी. मोठे लोक काम सुरू करायला निघाले असतील, तर जरूर काढावी.